पोलर बेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांढऱ्या अस्वलाबद्दल आपल्याकडे सगळ्यांना थोडंथोडं माहीत असतं आणि त्यातलं निम्मं कार्टून आणि जाहिरातींमधून आलेलं असतं. शाळेतली मुलं, त्यांचे आईबाबा, ग्रुपवरची मंडळी जे प्रश्न सारखे विचारतात ते इथे एकत्र केलेत. काही उत्तरं चार ओळींत संपतात, काही लांबलीत. एक गोष्ट आधीच सांगते, या प्राण्याचं सगळं आयुष्य समुद्रावर गोठलेल्या बर्फाला बांधलेलं आहे, आणि हे सगळ्यात आधी कळलं ते तिथेच राहणाऱ्या माणसांना, त्यामुळे अस्वलासोबत त्या माणसांबद्दलही बरंच येईल.

पोलर बेअर राहतात कुठे? साउथ पोलला पण असतात ना?

नाही, साउथ पोलला एकही नाही. ही अस्वलं फक्त उत्तरेकडच्या आर्क्टिकमध्ये असतात, देश मोजायचे तर कॅनडा, ग्रीनलंड, नॉर्वे (म्हणजे नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह), रशिया आणि अमेरिका (अलास्का). जगातली साधारण दोन तृतीयांश एकट्या कॅनडात आहेत. पेंग्विन राहतात दक्षिणेला, त्यामुळे निसर्गात या दोघांची गाठ कधी पडतच नाही. आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आलेले पेंग्विन तर हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांचा बर्फाशीसुद्धा फारसा संबंध नाही.

हा जमिनीवरचा प्राणी आहे की समुद्रातला?

जन्म बहुतेक वेळा जमिनीवर, पण पोट समुद्रावर. अमेरिकेच्या १९७२ च्या कायद्यात पोलर बेअरला देवमासे आणि सील यांच्यासोबत समुद्री सस्तन प्राण्यांमध्येच धरलंय आणि ते बरोबरच आहे. त्याचं मुख्य खाणं म्हणजे सील, त्यातही रिंग्ड सील आणि बिअर्डेड सील, आणि उघड्या पाण्यात सीलचा पाठलाग करून त्याला पकडणं अस्वलाला जवळपास जमतच नाही, सील पाण्यात कितीतरी चपळ असतो. त्याला पकडायचं तर तो श्वास घ्यायला किंवा आराम करायला बर्फाशी येतो तेव्हाच. म्हणजे बर्फ हे अस्वलाचं घर आहे असं आपण म्हणतो खरं, पण त्याहीपेक्षा ती त्याची शिकारीची जागा आहे. हे एकदा लक्षात आलं की पुढची बरीचशी उत्तरं आपोआप कळतात.

शिकार नेमकी कशी करतात?

हे नीट सांगते, कारण यात या प्राण्याची खरी हुशारी दिसते.

रिंग्ड सील हिवाळाभर बर्फाखाली राहतो आणि श्वासासाठी बर्फात भोकं ठेवतो, पुढच्या पायांच्या नख्यांनी ती सारखी खरवडून उघडी ठेवतो, एकाच सीलची अशी बरीच भोकं असतात. अस्वल वासावरून असं भोक शोधतं आणि त्याच्या कडेला येऊन थांबतं. थांबतं म्हणजे अक्षरशः हलत नाही, कधी कधी तासन् तास, कारण पावलाचा जरासा आवाज बर्फातून खाली गेला की सील दुसऱ्या भोकाकडे निघून जातो. सील वर आला, त्याने श्वास सोडला, की त्याच क्षणी झडप. पंजा आणि दात दोन्ही एकदम, आणि भोक लहान असलं तरी अख्खा सील त्यातून वर ओढून काढतात, एवढी ताकद.

वसंतात दुसरी पद्धत. रिंग्ड सीलची मादी भोकाच्या वर साचलेल्या भुसभुशीत बर्फात एक लहानशी पोकळी करून त्यात पिल्लू ठेवते, वरून काहीच दिसत नाही. अस्वलाला तो वास लागतो, ते हळूहळू जवळ येतं, मागच्या पायांवर उभं राहतं आणि पुढच्या दोन्ही पायांवर सगळं वजन टाकून छतच फोडतं. बऱ्याचदा आतली मंडळी निसटलेली असतात, दर प्रयत्नाला यश येतं असं अजिबात नाही.

मिळालं तर आधी कातडी आणि चरबी खातात, पोट भरलेलं असलं तर मांस तसंच सोडून देतात आणि मागोमाग येणारे आर्क्टिक कोल्हे त्यावर जगतात. एप्रिल ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सीलची नवीन पिल्लं गुबगुबीत आणि अनुभवाने कच्ची असताना, अस्वल वर्षभराच्या चरबीची बेगमी करून घेतं. नंतरचे कित्येक महिने ते त्याच चरबीवर काढतं.

केस खरंच पांढरे असतात का? कातडी काळी असते म्हणे.

हो, कातडी काळी असते, नाकाच्या शेंड्यावरून ते कळतंच. केसांमध्ये रंगद्रव्य नसतं, वरचे लांब केस आतून पोकळ असतात आणि प्रकाश विखुरल्यामुळे ते आपल्याला पांढरे दिसतात, उन्हाळ्यात सीलच्या तेलाने आणि उन्हाने पिवळट होतात. हे केस ऊन शोषून फायबर ऑप्टिकसारखं कातडीपर्यंत नेतात ही गोष्ट खूप फिरते पण प्रयोगात ती टिकली नाही, कृपया मुलांना शिकवू नका.

पोकळ केसांमुळे एक खरी गंमत मात्र घडलेली आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातली आणि पुढे २००४ मध्ये सिंगापूरची अस्वलं चक्क हिरवी दिसायला लागली, उबदार दमट हवेत केसांच्या पोकळीत शेवाळ वाढलं होतं. अस्वलांना त्याचा काही त्रास नव्हता.

आणि एक अगदी अलीकडचं, २०२५ चं संशोधन. हे अस्वल पाण्यात बुडी मारून शून्याच्या खाली तीस-चाळीस डिग्रीच्या हवेत बाहेर येतं तरी त्याच्या केसांना बर्फ का चिकटत नाही? तर उत्तर केसांवरच्या तेलात आहे, ते तेल धुऊन काढलं की बर्फ चिकटतो. माणसाच्या आणि पाण्यातल्या काही प्राण्यांच्या केसांवर स्क्वालीन नावाचं द्रव्य असतं, ते बर्फाला धरून ठेवतं आणि नेमकं तेच या अस्वलाच्या तेलात जवळपास नाही. आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की इन्यूइट (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी) शिकारी पिढ्यान् पिढ्या बुटांच्या तळाला आणि शिकारीला बसायच्या स्टुलाच्या पायांखाली याच अस्वलाचं केसाळ कातडं लावत आलेत, बर्फावर आवाज होऊ नये म्हणून, आणि ते कातडं केसांवरचं तेल जाणार नाही अशा पद्धतीने तयार करायचे. प्रयोगशाळेत आत्ता जे मोजलं ते त्यांना हाताने माहीत होतं.

एवढ्या थंडीत त्यांना थंडी वाजत नाही?

दाट केसांचे दोन थर आणि खाली चरबी, काही जागी दहा सेंटिमीटरपर्यंत. उलट त्यांना पटकन उकडतं. म्हणून मोठं अस्वल सहसा पळत नाही, संथ चालतं. ताशी ४० किलोमीटरने पळू शकतं हे खरं, पण थोडाच वेळ. केस इतके चांगले इन्सुलेट करतात की उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ते जवळपास दिसतच नाही, चेहरा आणि श्वास तेवढा दिसतो.

वजन किती असतं?

मोठा नर साधारण ३५० ते ६०० किलो, मादी त्याच्या निम्मी. नोंदलेला सगळ्यात मोठा नर अलास्कात १९६० मध्ये मारला गेला, १००२ किलोचा. जंगली अस्वलं वीस-पंचवीस वर्षं जगली तर भरपूर, कॅनडात विनिपेगच्या झूमधली डेबी नावाची मादी मात्र २००८ मध्ये वारली तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती.

हिवाळाभर झोपून राहतात का?

बाकीची अस्वलं राहत असतील, ही नाही. हिवाळा तर यांचा कामाचा मोसम, बर्फ असतो म्हणजे सील मिळतात. फक्त गाभण मादी बर्फात बीळ करून आत जाते.

तिचं गणित ऐका. समागम एप्रिल-मेच्या सुमारास होतो पण गर्भ लगेच वाढायला लागत नाही, तो शरद ऋतूपर्यंत तसाच थांबून राहतो. तोपर्यंत मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली तर गर्भ रुजतो, नाही साठली तर रुजतच नाही, शरीर स्वतःच ठरवतं की यंदा पिल्लं नको. म्हणून उन्हाळ्याआधी शिकार किती झाली यावर पुढच्या वर्षी पिल्लं किती दिसणार हे ठरतं. पिल्लं डिसेंबर-जानेवारीच्या आसपास जन्मतात, बहुतेकदा दोन, प्रत्येकी जेमतेम ६०० ग्रॅमची, डोळे बंद. मार्च-एप्रिलमध्ये बाहेर येतात तेव्हा १० ते १२ किलोची झालेली असतात. हे सगळं आईच्या दुधावर, आणि त्या दुधात सुमारे ३१ टक्के चरबी असते, आपल्या म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के असते यावरून अंदाज करा. आईने या सगळ्या काळात काहीही खाल्लेलं नसतं. हडसन बे या कॅनडातल्या मोठ्या उपसागराच्या भागातल्या माद्या तर आठ महिन्यांपर्यंत उपाशी राहतात, इतका मोठा उपास करून वर पिल्लांना दूध पाजणारी दुसरी आई शोधून सापडणं कठीण.

पिल्लं साधारण अडीच वर्षं आईसोबत राहून शिकार शिकतात. बापाचा काही सहभाग नसतो, उलट मोठ्या नरांपासून पिल्लांना धोकाच असतो.

तपकिरी अस्वलाशी यांचं नातं काय?

अगदी जवळचं. २०१४ मध्ये दोघांचे पूर्ण जनुकसंच तपासून असं निघालं की दोघांच्या वाटा पाच लाख वर्षांहूनही कमी काळापूर्वी वेगळ्या झाल्या, उत्क्रांतीच्या हिशोबात हे खूपच अलीकडचं. एवढ्या थोड्या काळात रंग बदलला, डोकं लांबट झालं, आणि मुख्य म्हणजे चरबी पचवण्याशी आणि कोलेस्टेरॉलशी संबंधित जनुकं बदलली, म्हणून इतकी चरबी खाऊन त्यांच्या हृदयाला काही होत नाही. स्वालबार्डमध्ये २००४ साली एक जबड्याचं हाड सापडलं, ते एक लाख दहा हजार ते एक लाख तीस हजार वर्षं जुनं आहे, आणि ते आजच्या पोलर बेअरचंच वाटतं.

दोघांची संकरित पिल्लंही होतात. २००६ मध्ये कॅनडाच्या बँक्स बेटाजवळ मारलेल्या एका विचित्र रंगाच्या अस्वलाची डीएनए तपासणी झाली तेव्हा जंगलातला असा पहिला पुरावा मिळाला. पण हे फार क्वचित होतं, "आता सगळी पिझली (म्हणजे अशी संकरित) होणार" असल्या पोस्टवर विश्वास ठेवू नका.

किती लांब पोहू शकतात?

अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात २००८ मध्ये रेडिओ कॉलर लावलेली एक मादी सलग नऊ दिवसांहून जास्त पोहली, ६८७ किलोमीटर. हे वाचून लोक वा वा करतात, पण पुढचं सांगायचं राहून जातं. पुन्हा सापडली तेव्हा तिचं २२ टक्के वजन गेलेलं होतं आणि तिच्यासोबतचं वर्षभराचं पिल्लू नव्हतं. मला यात विक्रम दिसत नाही, बर्फ किती लांब गेला होता तेवढं दिसतं.

त्याची कलेजी विषारी असते हे खरं आहे का?

खरं आहे. कलेजीत व्हिटॅमिन ए इतकं साठलेलं असतं की माणसाला थोडीशी खाल्ली तरी त्रास होतो. १५९६-९७ चा हिवाळा रशियाच्या उत्तरेच्या नोव्हाया झेमल्या बेटावर अडकून काढलेल्या डच खलाशांनी, विलेम बॅरेन्ट्सच्या मोहिमेतल्या, ती शिजवून खाल्ली आणि सगळे आजारी पडले, तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलवटून निघाली. कारण व्हिटॅमिन ए आहे हे १९४३ मध्ये सिद्ध झालं. इन्यूइट लोक ती आधीपासूनच खात नव्हते, कुत्र्यांनाही देत नव्हते.

इन्यूइट लोक या अस्वलाला देव मानतात का?

देव म्हणणं बरोबर नाही. ते त्याला नानूक म्हणतात, आणि जुन्या समजुतीप्रमाणे तो माणसाच्या तोडीचा शहाणा जीव आहे, तो स्वतःहून शिकाऱ्याला सापडायला तयार होतो, आणि का तयार होतो, तर त्याला माणसांकडच्या वस्तू हव्या असतात. म्हणून शिकार झाल्यावर कातडं घरात मानाच्या जागी काही दिवस टांगून ठेवायचे, नर असेल तर त्याच्याजवळ सुरी आणि भोकं पाडायचं हत्यार, मादी असेल तर सुयांची नळी आणि कातडं खरवडायची पाती असं ठेवायचे. त्या वस्तूंचा आत्मा तो सोबत घेऊन जातो आणि बाकीच्या अस्वलांना सांगतो की ही माणसं नीट वागतात. जिथे नीट वागवलं नाही तिथे पुढे अस्वलं फिरकत नाहीत. आजही कितीतरी वयस्कर मंडळी अस्वलाबद्दल टिंगलीने किंवा फुशारकीने बोलू देत नाहीत, त्याला ऐकू जातं म्हणतात.

याच्याही आधी, साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीपासून कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये डॉर्सेट नावाची संस्कृती होती, इन्यूइटांच्या पूर्वजांच्याही आधीची. त्या लोकांनी वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेली अस्वलं सापडलीत, काही तर बोटाएवढी. चारही पाय मागे घेतलेलं लांबट शरीर, पोहतंय की उडतंय ते सांगता येत नाही, आणि अंगावर बारीक रेघांनी आतली हाडं आणि सांधे कोरलेले. ज्याने हे कोरलं त्याने अस्वल सोलून बघितलेलं होतं आणि लांबून तासन् तास न्याहाळलेलंही होतं, हे त्या रेघांवरून कळतं.

वायव्य ग्रीनलंडमधले शिकारी आजही कुत्र्यांच्या स्लेजवर निघताना अस्वलाच्या कातड्याची विजार घालतात, तिथल्या थंडीला त्याच्याइतकं दुसरं काही टिकत नाही. ग्रीनलंडच्या राजचिन्हावर हेच अस्वल आहे आणि कॅनडाच्या दोन डॉलरच्या नाण्यावरही, १९९६ पासून.

एवढा मान आहे तर मारतात कशाला? शिकारीवर बंदी नाही का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, म्हणून थोडं मागून सांगावं लागेल.

विसाव्या शतकात अस्वलं कमी झाली ती इन्यूइटांमुळे नाही. अलास्कात हौशी शिकारी विमानातून येऊन गोळ्या घालायचे, दिवाणखान्यात कातडं लावायला. स्वालबार्डमध्ये फासेपारधी लाकडी खोक्यात बंदूक बसवायचे, नळीसमोर आमिष, आमिषाला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक बंदुकीच्या ट्रिगरला, अस्वलाने आमिष ओढलं की स्वतःच्या डोक्यात गोळी. मादी असली की पिल्लं तिथेच मागे राहायची. वर्षाला शेकडो अस्वलं अशी जायची. सोव्हिएत युनियनने १९५६ मध्ये बंदी घातली, आणि १५ नोव्हेंबर १९७३ ला ऑस्लोमध्ये पाचही देशांनी करार केला. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत युनियन एका प्राण्यासाठी एका कागदावर सही करतात ही मला फार मोठी गोष्ट वाटते. त्या करारात विमानातून आणि मोठ्या मोटरबोटीतून शिकार बंद झाली, स्थानिकांची पारंपरिक शिकार मात्र ठेवली.

आज कॅनडात आणि ग्रीनलंडमध्ये प्रत्येक भागाला कोटा ठरलेला असतो. नूनावुट या कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्यूइट प्रदेशात तो शास्त्रज्ञ आणि स्थानिक शिकाऱ्यांच्या संघटना यांच्या चर्चेतून ठरतो, बरेचदा वादावादीही होते, कारण शिकारी म्हणतात आम्हाला गावाजवळ अस्वलं जास्त दिसतायत आणि शास्त्रज्ञ म्हणतात बर्फ कमी झाल्याने ती किनाऱ्याला येतायत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं. मांस गावात वाटलं जातं, कातड्याचे पैसे अशा ठिकाणी घरात येतात जिथे भाजीपाला विमानाने येतो. अस्वलाला आजचा सगळ्यात मोठा धोका बर्फ वितळण्याचा आहे, तो ज्यांच्या गाड्यांमुळे आणि कारखान्यांमुळे आहे त्यांनी या लोकांना नावं ठेवावीत हे मला तरी पटत नाही.

युरोपातल्या लोकांना हा प्राणी कधीपासून माहीत आहे?

नॉर्स लोकांमुळे, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दींमुळे, बराच आधीपासून. राजाला द्यायची ही सगळ्यात भारी भेट होती. आइसलंडच्या एका जुन्या कथेत औदुन नावाचा गरीब माणूस जवळचं सगळं विकून ग्रीनलंडमध्ये एक अस्वल विकत घेतो आणि डेन्मार्कच्या स्वेन राजाला द्यायला निघतो, वाटेत खायला काही उरत नाही तेव्हा अर्धं अस्वल एका कारभाऱ्याला विकावं लागतं, आणि हे कळल्यावर राजा त्या कारभाऱ्यालाच हाकलून देतो.

लंडनचा किस्सा तर सरकारी कागदांतच नोंदलेला आहे. नॉर्वेच्या हाकोन राजाने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला पाठवलेलं पांढरं अस्वल टॉवर ऑफ लंडनमध्ये ठेवलं होतं, १२५२ मध्ये त्याच्या खर्चासाठी शहराच्या शेरीफांना रोज चार पेनी द्यायचा हुकूम झाला, आणि पुढे साखळी, तोंडाला मुसकी आणि एक लांब मजबूत दोर पण द्या असं सांगितलं, कारण ते थेम्स नदीत मासे धरायला उतरायचं.

शास्त्रीय नाव मात्र १७७४ मध्ये मिळालं, उत्तर ध्रुवाकडे मोहीम घेऊन गेलेल्या कॉन्स्टँटाइन फिप्सने त्याचं वर्णन लिहिलं. त्याच मोहिमेत १४ वर्षांचा होरेशिओ नेल्सन होता, पुढचा तो प्रसिद्ध अ‍ॅडमिरल, आणि वडिलांना कातडं न्यायचं म्हणून तो बर्फावर एका अस्वलाच्या मागे लागला, बंदूक चालेना, शेवटी जहाजावरून तोफ उडवून अस्वलाला पळवावं लागलं असं सांगतात.

प्राणिसंग्रहालयात ठेवणं बरोबर आहे का?

माझं मत, गरम देशांत तर अजिबात नाही. सिंगापूरमध्ये २६ डिसेंबर १९९० ला इनुका जन्मला, उष्ण कटिबंधात जन्मलेलं पहिलं पोलर बेअर. त्याने आयुष्यात गोठलेला समुद्र पाहिला नाही, म्हातारपणाचे आजार वाढल्यावर एप्रिल २०१८ मध्ये त्याला शांतपणे मरण दिलं गेलं. तिथल्या प्राणिसंग्रहालयाने पुन्हा पोलर बेअर आणायचं नाही असं त्याच्या हयातीतच ठरवलं होतं, हे चांगलं केलं.

बर्लिनचा क्नूट अनेकांना आठवत असेल, डिसेंबर २००६ चा जन्म, आईने टाकलेला, बाटलीने वाढवलेला, जगभर त्याचे फोटो. मार्च २०११ मध्ये लोकांसमोर पाण्यात पडून तो गेला. मेंदूला सूज होती, आणि २०१५ मध्ये कळलं की तो माणसांमध्ये आढळणारा एक ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार होता, प्राण्यात पहिल्यांदाच सापडलेला. अनाथ पिल्लांसाठी थंड प्रदेशात मोठी जागा असणारी केंद्रं असावीत, पण गर्दी खेचायला पिल्लं जन्माला घालणं मला मान्य नाही.

चर्चिल गावात अस्वलांची जेल आहे हे खरं का?

खरं आहे. कॅनडाच्या मॅनिटोबात हडसन बेच्या काठावर चर्चिल हे साधारण नऊशे वस्तीचं गाव. हडसन बे उन्हाळ्यात पूर्ण वितळतो, अस्वलांना जमिनीवर यावंच लागतं, आणि नोव्हेंबरमध्ये समुद्र परत गोठायला लागतो तो चर्चिलच्या बाजूला लवकर. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चार महिने उपाशी असलेली अस्वलं गावाच्या आजूबाजूला बर्फाची वाट बघत जमतात.

गावात शिरलं की आधी आवाज करून, फटाक्याची काडतुसं उडवून पळवतात. तरी परत परत आलं तर मोठ्या पाइपसारख्या सापळ्यात सीलचं मांस लावून धरतात आणि विमानतळाजवळच्या जुन्या लष्करी गोदामात नेतात, तिथे २८ कोठड्या आहेत. आत पाणी देतात, खायला देत नाहीत. ऐकायला क्रूर वाटतं पण त्या दिवसांत ती तशीही उपाशीच असतात, आणि माणसाकडे गेलं की खायला मिळतं हे एकदा डोक्यात बसलं की ते अस्वल पुढे गोळीनेच मरणार. महिनाभराने किंवा बर्फ धरला की सोडतात, काहींना जाळीत घालून हेलिकॉप्टरने उत्तरेला नेतात. १९८० च्या दशकाआधी अशी अस्वलं सरळ मारली जायची.

गावात गाड्यांना आणि घरांना लोक कुलूप लावत नाहीत, कोणाला पळत येऊन आत शिरावं लागलं तर. हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं घरोघर फिरतात तेव्हा गस्तीच्या गाड्या गावाभोवती उभ्या असतात. १९८३ नंतर तिथे अस्वलाने माणूस मारलेला नाही.

माणसावर हल्ला करतात का?

करतात, पण तुम्हाला वाटतं त्याहून खूप कमी. १८७० ते २०१४ या काळातले पाचही देशांतले ७३ हल्ले एका अभ्यासात गोळा केलेत, त्यात २० माणसं गेली. हल्ला करणारी अस्वलं बरेचदा रोडावलेली तरुण नर होती. बर्फ कमी असलेल्या वर्षांत धोका वाढतो हे उघड आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रशियाच्या नोव्हाया झेमल्यावर बेलुश्या गुबा वस्तीजवळ ५२ अस्वलं जमली आणि आणीबाणी जाहीर करावी लागली, तिथे उघडा कचराही होता.

आता एकूण किती उरलीत? नामशेष होणार का?

अंदाज साधारण २२,००० ते ३१,००० चा आहे. वीसएक गटांत विभागलेली आहेत आणि प्रत्येक गटाची गोष्ट वेगळी, हे समजून घेतलं नाही तर 'सगळं संपलं' म्हणणारे आणि 'काहीच झालं नाही' म्हणणारे, दोन्ही बाजूंचे लोक फसवतात.

पश्चिम हडसन बेमध्ये १९८७ ला साधारण १,१८५ होती, २०१६ ला ८४२, आणि २०२१ ला ६१८. ब्यूफोर्ट समुद्राच्या दक्षिण भागातही घट आहे. दुसरीकडे कॅनडा-ग्रीनलंडमधल्या केन बेसिनमध्ये जुना जाड बर्फ पातळ झाल्याने सध्या तब्येती सुधारल्यात, पण तो बर्फ असाच जात राहिला तर ही चैन तात्पुरतीच. आग्नेय ग्रीनलंडमध्ये २०२२ साली काही शे अस्वलांचा एक वेगळाच गट जाहीर झाला, ती हिमनद्यांमधून तुटून फियॉर्डमध्ये (डोंगरांमधल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांमध्ये) साचलेल्या गोड्या पाण्याच्या बर्फावरून शिकार करतात. अशा जागा आर्क्टिकमध्ये फार थोड्या, त्यामुळे सगळ्यांना तो मार्ग नाही.

सप्टेंबरमधला आर्क्टिकचा समुद्री बर्फ १९७९ पासून दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटतोय, २०१२ मध्ये तो ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत खाली आला होता, आजवरचा नीचांक. २०२० च्या एका अभ्यासात अस्वल किती दिवस उपाशी राहून पिल्लं वाढवू शकतं याचं गणित मांडलंय, आणि कार्बन असाच सोडत राहिलो तर शतकाअखेर अगदी उत्तरेकडचे थोडे गट सोडून बाकीच्यांना पिल्लं जगवणं अशक्य होईल असं त्यात निघालंय. उत्सर्जन आवरलं तर बरेच गट टिकतात हेही त्याच गणितात आहे. शिकारबंदीने अस्वलं पूर्वी सावरली होती, यावेळचा उपाय आर्क्टिकमध्ये नाही एवढाच फरक.

बर्फ नसेल तर जमिनीवरचं काहीतरी खातील की! बेरी, अंडी, मासे?

खातात. गवत, बेरी, बदकांची अंडी, मेलेले देवमासे, सगळं खातात. पण पुरत नाही. २०१८ मध्ये कॉलर कॅमेरे लावून मोजलं तेव्हा बर्फावरच्या मादीला दिवसाला सरासरी १२,००० हून जास्त कॅलरी लागतात असं दिसलं, आधी समजत होतो त्याच्या १.६ पट. मग २०२४ मध्ये पश्चिम हडसन बेच्या २० अस्वलांवर उन्हाळ्यात तीन आठवडे नजर ठेवली, काही पडून राहिली, काही दिवसभर बेरी शोधत हिंडली, काही पोहली. २० पैकी १९ चं वजन घटलं, दिवसाला ४०० ग्रॅम ते १.७ किलो. खाण्यात जेवढं मिळालं तेवढं शोधण्यात गेलं.

प्रदूषणाचा त्रास होतो का?

होतो. कित्येक दशकांपूर्वी बंद झालेली पीसीबीसारखी रसायनं हवेतून आणि समुद्रातून उत्तरेला पोचली, ती चरबीत साठतात, आणि हे अस्वल चरबी खाऊनच जगतं. सीलमधून अस्वलात, आईच्या दुधातून पिल्लांत.

भारताचा यात काही संबंध आहे का?

आहे. स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंड वस्तीत भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ ला सुरू झालं आणि त्याचं काम गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही आपले संशोधक राहू लागले. आर्क्टिकच्या तापमानाचा आपल्या मान्सूनवर काय परिणाम होतो हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय. वस्तीच्या बाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलापासून बचावाचं प्रशिक्षण आणि बंदूक सोबत लागते, आणि चर्चिलसारखीच तिथेही दारं उघडी ठेवायची पद्धत आहे.

प्रत्यक्ष बघायला जायचं असेल तर?

चर्चिलला रस्ता नाही. विनिपेगहून विमान, नाहीतर दोन दिवसांची रेल्वे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ धरा, उंच चाकांच्या मोठ्या गाड्यांतून दाखवतात, बुकिंग खूप आधी लागतं आणि स्वस्त अजिबात नाही.

स्वालबार्डला जहाजातून बघतात. तिथे २०२५ पासून नियम कडक झालेत, अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर लांब राहावंच लागतं, कारण त्याच महिन्यांत माद्या पिल्लं घेऊन शिकारीला निघालेल्या असतात आणि एकदा बिचकून शिकार सुटली तर परत कधी मिळेल सांगता येत नाही. जवळ नेऊन दाखवतो म्हणणाऱ्या टूरवाल्याकडे जाऊ नका, चांगली दुर्बीण आणि लांब लेन्स घेऊन जा. आणि व्हिसाचं एक लक्षात ठेवा, स्वालबार्ड शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात) येत नाही, त्यामुळे नॉर्वेमार्गे जाऊन परत यायला भारतीयांना किमान डबल एन्ट्रीचा शेंगेन व्हिसा लागतो. सिंगल एन्ट्रीवर गेलात तर परतीच्या वाटेवर अडकाल.